हायकोर्टाचा कोट असताना पालिकेचं बाक कशाला? (फिरोजशहा मेहता)

फोर्टातला_फिरस्ता (धागाकर्ता)

सरळ प्रश्न विचारतो. फिरोजशहा मेहता १८६८ साली लंडनच्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर होऊन मुंबईत परतले. तेव्हा मुंबईत हिंदी बॅरिस्टर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्याबरोबरचे दोघे बघा. बद्रुद्दीन तय्यबजी १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग तर १८८९ मध्येच झाले, तेही विलायतेला न जाता. हे तिघं मिळून १८८५ मध्ये बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन काढतात, त्यातले दोघं न्यायासनावर जातात आणि तिसरा मात्र गटारं, पाणीपट्टी आणि पोलिसांचा खर्च कुणी द्यायचा यावर चार दशकं पालिकेत भांडत राहतो. १९१५ मध्ये गेले तोवर.

मधे काँग्रेसचं अध्यक्षपद झालं (कलकत्ता, १८९०), व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले, १९०४ मध्ये 'सर' झाले. पण मुक्काम पालिकेतच. माझं मत असं की वकिली हे त्यांचं पोटापाण्याचं साधन होतं आणि खरं करिअर पालिका. आपल्याकडे उलटं समजतात, पालिका म्हणजे आमदारकीची पहिली पायरी. तुम्हाला काय वाटतं?

नानबा

पालिकेत समोरच्याला 'माझे विद्वान मित्र' म्हणायची सक्ती नसते. एवढं कारण पुरेसं आहे.

काळा_कोट_निवृत्त

धागाकर्त्यांनी वकिलीची बाजू फार झटकन उरकली. त्या काळच्या मुंबई हायकोर्टात ओरिजिनल साइडला (जिथे दावे थेट हायकोर्टातच सुरू होत) ब्रीफ, म्हणजे खटल्याचं काम, सॉलिसिटरकडून यायचं. पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जाऊ शकत नसे, आणि मोठ्या सॉलिसिटर फर्म बहुतेक गोऱ्यांच्या. त्यांनी साहेब बॅरिस्टर सोडून विलायतेहून नुकत्याच आलेल्या पोराला ब्रीफ का द्यावं? मेहतांची सुरुवातीची वर्षं त्यामुळे बेताचीच गेली. पुढे नाव आणि पैसा मिळाला तो मुख्यतः मुंबईबाहेर. गुजरात, काठियावाडची संस्थानं, जिल्हा कोर्टं. १८७८ च्या सुरतेच्या दंगलीच्या खटल्यात आरोपींच्या बाजूने उभे राहिले तेव्हापासून मोफसलात, म्हणजे मुंबईबाहेरच्या कोर्टांत, त्यांना मागणी आली.

म्हणजे तरुण वयात हातात वेळ होता, डोक्यात कायदा होता आणि ऐकायला न्यायाधीश नव्हता. असा माणूस सभागृह शोधणारच. मी स्वतः ज्युनिअर असताना बार रूममध्ये बसून लोकांच्या केसेसवर मतं देत असे, तोच प्रकार. फरक इतकाच की त्यांच्या मतातून कायदा निघाला आणि माझ्यातून चहाचं बिल.

थेम्सकाठचा_बंड्या

बॅरिस्टर होण्याबद्दल थोडं अवांतर. १८७२ पर्यंत इंग्लंडात बारची परीक्षा सक्तीची नव्हती. टर्म भरायच्या म्हणजे आपल्या इनच्या हॉलमध्ये ठरावीक जेवणं जेवायची आणि कुणा जुन्या वकिलाच्या चेंबरमध्ये बसून काम शिकायचं. मेहता त्याच्या आधीचे. तेव्हा 'बॅरिस्टर' म्हटल्यावर फार दडपून जाऊ नका.

पण त्यांची खरी शाळा इनच्या बाहेर भरली. लंडनमध्ये दादाभाई नौरोजी होते, व्योमेशचंद्र बॅनर्जी होते, यांची रोजची ऊठबस. आणि पैशाची ओढाताण. एल्फिन्स्टनचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांचं नाव सुचवलं होतं आणि रुस्तमजी जमशेटजी जीजीभाईंनी पाच हिंदी मुलांना बॅरिस्टर करायला दीड लाख रुपये देऊ केले होते. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, मुंबईतला शेअरचा फुगा फुटला आणि देणारे शेठच बुडाले. विशीतला पोरगा परमुलखात आणि इकडे शहराचं दिवाळं. पुढे हा माणूस पालिकेच्या जमाखर्चाच्या मागे हात धुऊन लागला याचं मला तरी नवल वाटत नाही.

चिकूमावशी

जेवून बॅरिस्टर होता येत होतं? आमच्या ह्यांनी तेव्हा जन्म घेतला असता तर दोनदा झाले असते.

दप्तरी_दाखल

मी एका महानगरपालिकेच्या चिटणीस खात्यात नोकरी केली (कुठली ते विचारू नका, पेन्शन चालू आहे). त्यामुळे हा धागा बघून हात शिवशिवले. लांबण लागेल, आधीच सांगतो.

१८६५ च्या कायद्याने मुंबईत सत्ता जस्टिसेस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेल्या जेपींच्या मंडळाकडे होती आणि कारभार एका आयुक्ताकडे. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड. हो, मार्केटवालेच. माणूस कामाचा. रस्ते, गटारं, बाजार, सगळं धडाक्यात केलं. पण पैसा पाण्यासारखा गेला, कर्ज वाढलं, करदाते खवळले. १८७१ मध्ये आंदोलन उभं राहिलं. नौरोजी फरदुनजींसारखी वजनदार मंडळी त्यात. सूर असा की क्रॉफर्डला हाकला आणि आयुक्ताचे अधिकार कापून मंडळाच्या हातात द्या.

अशा तापलेल्या हवेत २९ नोव्हेंबर १८७१ ला धोबीतलावच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये सव्वीस वर्षांचे मेहता निबंध वाचायला उभे राहतात आणि लोकप्रिय बाजूच्या बरोबर उलट बोलतात. मुद्दा थोडक्यात असा: दोष क्रॉफर्डचा नाही, रचनेचा आहे. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हातात असू द्या, समित्यांनी मिळून झाडू मारता येत नाही. पण त्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर करदात्यांनी निवडलेलं सभागृह बसवा. त्याने पैसा मंजूर करावा, हिशोब मागावा, जाब विचारावा. जेपी सरकारने नेमलेले, ते कुणाला उत्तरदायी? निवडणूक आणा.

१८७२ चा कायदा बराचसा याच वळणावर आला. ६४ सभासद. ३२ करदात्यांनी निवडायचे, १६ जेपींनी, १६ सरकारने नेमायचे. मग १८८८ चा कायदा आला. तेव्हा तेलंग आणि मेहता दोघंही मुंबईच्या कायदेमंडळात होते आणि मसुद्यावर कलमाकलमाला भांडले. सभासद ७२ झाले, स्थायी समिती बारा जणांची. हाच १८८८ चा कायदा शेकडो दुरुस्त्यांसह आजही मुंबईत चालतो. कलम ६१ म्हणजे पालिकेने करायलाच हवीत अशी कामं, ६३ म्हणजे ऐच्छिक, ६४ म्हणजे आयुक्ताचे अधिकार. आमच्या खात्यात हे आकडे लोकांना स्वतःच्या मुलांच्या जन्मतारखांपेक्षा पक्के पाठ असत.

तर धागाकर्त्यांच्या प्रश्नाला माझं उत्तर: ते 'राजकारणात गेले' असं नाहीच. स्वतः सुचवलेली रचना चालते की नाही हे बघायला ते तिथे बसले. आराखडा काढणारा माणूस त्याच घरात राहायला आला.

पुणेरी_पाटी

क्रॉफर्डची एवढी आरती ओवाळताय म्हणून आठवण करून देतो. हेच महाशय पुढे मध्य विभागाचे कमिशनर म्हणून आमच्या पुण्यात होते. १८८८ मध्ये मामलेदारांकडून लाच घेतल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि चौकशी आयोग बसला. लाचेच्या आरोपातून सुटले, हाताखालच्या लोकांकडून उसने पैसे घेतल्याचा ठपका मात्र राहिला. साहेब सुटला आणि अभय देऊन ज्यांच्याकडून साक्षी घेतल्या त्या मामलेदारांच्या नोकऱ्यांवर गदा आली. टिळकांनी तेव्हा मामलेदारांची बाजू घेतली होती.

मुंबईकरांनी मार्केटला नाव दिलं, पुणेकरांनी चौकशी लावली. ज्याची त्याची पद्धत.

दप्तरी_दाखल

@पुणेरी_पाटी, मेहतांनी क्रॉफर्डच्या चारित्र्याचा दाखला दिला नव्हता, आयुक्तपदाची बाजू मांडली होती. १८७१ च्या वकीलपत्रावर १८८८ चा गुन्हा कशाला चढवता?

पुणेरी_पाटी

वकीलपत्र घेतलं होतं हे कबूल केलंत. एवढंच हवं होतं.

सोमवार_पेठ_ते_सनीवेल

नेटवर एके ठिकाणी वाचलं की मेहता १८७३ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर झाले. मग ते कमिशनर की नगरसेवक?

काळा_कोट_निवृत्त

सभासद. आयुक्त सरकार नेमत असे आणि त्या काळी तो गोरा सनदी अधिकारीच असे. आयुक्तावर नजर ठेवणाऱ्यांत मेहता होते, आयुक्ताच्या खुर्चीत कधीच नाही. अध्यक्ष मात्र झाले. १८८४ ला, लगेच पुढच्या वर्षी परत, आणि मग १९०५ ला. 'महापौर' हे पद १९३१ पासूनचं, तोवर 'प्रेसिडेंट'. आत्ताच्या मुख्यालयाची कोनशिला डिसेंबर १८८४ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपनने बसवली ती मेहता अध्यक्ष असतानाच. रिपन म्हणजे १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावाचा रिपन. योग बरा जुळून आला.

घाटावरची

सगळं ऐकून घेतलं. आता थोडं पाणी ओतते.

'करदात्यांनी निवडलेलं सभागृह' म्हणताना करदाता कोण हे कुणी सांगत नाहीये. घरपट्टी भरणारा. म्हणजे चाळीचा मालक. चाळीत राहणारा नव्हे. भाडेकरूला मत मिळालं ते १९२२ च्या दुरुस्तीत, मेहता जाऊन सात वर्षं झाल्यावर. गिरणीत बारा-बारा तास काम करून दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण राहणाऱ्या माझ्या पणजोबांसारख्यांसाठी मेहतांचं सभागृह आणि जेपींचं मंडळ यात काय फरक होता? १८९६ ला प्लेग आला तो मांडवीत, दाटीवाटीच्या वस्तीत. तेव्हा सभागृहाला चोवीस वर्षं झाली होती.

आणि तुलना करायचीच तर पुण्याशी करा. १८७६ ते १८८३ जोतीराव फुले पुणे नगरपालिकेत होते. ना बॅरिस्टर, ना सर. व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या स्वागतावर पालिकेने पैसे उधळू नयेत म्हणून विरोधात उभे राहिले, ते पैसे शिक्षणावर लावा म्हणाले. मला तो नगरसेवक जास्त जवळचा वाटतो.

फोर्टातला_फिरस्ता

@घाटावरची, मताधिकाराबद्दल शंभर टक्के मान्य. पण प्लेगनंतरचा एक मुद्दा राहिला. १८९८ मध्ये सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. नवे रस्ते, वस्त्या पाडणं, दादर-माटुंग्याकडची आखणी, सगळं त्याच्याकडे. पालिकेला बाजूला ठेवून. पैसा मात्र शहरानेही द्यायचा. मेहतांचा आक्षेप हाच होता की काम निवडलेल्या सभागृहाच्या हाताखाली का नाही? ट्रस्ट शेवटी पालिकेत विलीन झाला १९३३ मध्ये. आज शहरात किती प्राधिकरणं आहेत आणि त्यांतली किती नगरसेवकाला जुमानतात ते मोजा, मग भांडण जुनं वाटणार नाही.

घाटावरची

सभागृहाच्या हाताखाली असता तर वस्त्या पाडल्या नसत्या? पाडल्याच असत्या, फक्त ठरावाला अनुमोदक मिळाला असता.

नानबा

हे वाक्य दप्तरी दाखल करून घ्यावे.

खटलेबाज

अरे १९०७ चा किस्सा अजून कुणीच काढला नाही? मग मीच.

मेहतांचं पालिकेत इतकं वजन झालं होतं की काही गोऱ्या अधिकाऱ्यांना ते सलू लागलं. अकाउंटंट जनरल हॅरिसन पुढे झाले, टाइम्स ऑफ इंडियाचे तेव्हाचे संपादक लोव्हॅट फ्रेझर सोबतीला, आणि मेहतांना पाडायची पद्धतशीर जुळवाजुळव झाली. हीच ती 'कॉकस', म्हणजे निवडणुकीपुरती जमवलेली टोळी. मेहता तेव्हा जेपींच्या मतदारसंघातून उभे होते. तिथून सोळा जण निवडायचे. कॉकसने आपल्या सोळा जणांची यादी केली आणि जेपींना सांगितलं, एवढ्यांनाच मतं द्या. जेपी सरकारने नेमलेले, त्यांत सरकारी नोकर भरपूर. वरचा साहेब सांगतोय म्हटल्यावर काय होणार? पस्तीस वर्षं पालिका गाजवलेला माणूस सतरावा आला!

मग कोर्ट. आणि मेहतांच्या बाजूने उभं कोण राहिलं, तर तिशीतले एक बॅरिस्टर, मोहम्मद अली जिना. सरकारी अधिकाऱ्यांनी दबाव आणून निवडणूक फिरवली असा मुद्दा होता. जिना ते प्रकरण हरले, पण नाव झालं ते त्यातच. पुढे खरी गंमत. निवडून आलेल्या सोळांपैकी एकाचं पालिकेच्या ठेक्यात अंग होतं. कायद्याने अपात्र. त्याची निवड रद्द झाली आणि सतरावे मेहता सन्मानाने आत.

चिकूमावशी

ठेकेदार असल्यामुळे नगरसेवकपद गेलं. परत वाचलं. हो, असंच लिहिलंय.

सोमवार_पेठ_ते_सनीवेल

गेल्या शतकातल्या मुंबईत दंतकथा बऱ्याच होत्या, ही त्यांपैकीच वाटते :)

घाटावरची

@खटलेबाज, किस्सा झकास, पण माझाच मुद्दा पुढे नेलात. १८७१ मध्ये जेपींच्या सत्तेविरुद्ध बोललेला माणूस १९०७ मध्ये त्याच जेपींच्या सोळा जागांवरून उभा होता. साध्या वॉर्डातून का नाही? सरकारने नेमलेल्या मतदारांच्या भरवशावर राहिलं की एक दिवस सरकार सतरावा नंबर काढतंच.

काळा_कोट_निवृत्त

हा घाव वर्मी आहे. याला माझ्याकडे युक्तिवाद नाही.

वाळकेश्वरचा_वाटसरू

राजकारणाचं चालू द्या, मला माणूस म्हणून ते फार रंगेल वाटतात. कल्लेदार मिशा, विलायती शिवणीचा कोट, वर पारशी पगडी. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसला निघाले तर गाडीला वेगळा डबा, आणि दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या गांधींना बोलायचं असेल तर त्यांनी एका टप्प्यापुरतं त्या डब्यात चढायचं. गांधींनीच लिहून ठेवलंय. तिथे मेहतांनी सांगितलं की आपल्या देशातच आपल्या हाती सत्ता नाही, तोवर वसाहतींत तुमचं काय भलं होणार.

त्याआधी राजकोटचा प्रसंग. पोलिटिकल एजंटाने (संस्थानांवर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने) गांधींना शिपायाकरवी दाराबाहेर काढलं. मेहता एका खटल्यासाठी राजकोटात आले होते, तर गांधींनी एका वकिलामार्फत त्यांचा सल्ला विचारला. उत्तर आलं की असं सगळ्या वकील-बॅरिस्टरांच्या वाट्याला येतं, पोरगा विलायतेहून ताजा आलाय, रक्त गरम आहे, अपमान गिळ म्हणावं. गांधींना ते कडू लागलं.

खटलेबाज

हाच माणूस १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या विधेयकावर मुंबईच्या कायदेमंडळातून उठून चालता झाला, गोखले वगैरेंना बरोबर घेऊन. म्हणजे गिळायचं कुठे आणि उठायचं कुठे हे त्यांना कळत होतं. खाजगी अपमानावर दावा लावून हाती काही लागत नाही, सभागृहातून उठलं की दुसऱ्या दिवशी छापून येतं.

पुणेरी_पाटी

सुरतेला १९०७ च्या डिसेंबरात काय छापून आलं तेही सांगा. तिथे काँग्रेसच्या अधिवेशनात चपला उडाल्या आणि काँग्रेस फुटली.

नानबा

धागा सुरतेला नेऊ नका, परत यायला वर्षं लागतात. काँग्रेसला नऊ लागली होती.

बडोद्याची_सून

उशिरा आले. गुजरातेत राहते, त्यामुळे इथलं एक उदाहरण. वल्लभभाई पटेल. मिडल टेंपलचे बॅरिस्टर, १९१३ मध्ये अहमदाबादला येऊन वकिली सुरू, फौजदारीत जोरात चाललेली. १९१७ मध्ये नगरपालिकेत निवडून आले आणि पहिलं मोठं भांडण कुणाशी? म्युनिसिपल कमिशनर शिलिडी या सनदी साहेबाशी. त्याची कागदपत्रं खणून काढली, ठराव केला आणि त्याला अहमदाबादेतून हलवायला लावलं. पुढे १९२४ ते १९२८ अध्यक्ष होते.

म्हणजे एका बॅरिस्टरने आयुक्त बळकट करायला भाषण केलं आणि दुसऱ्याने आयुक्ताची उचलबांगडी केली. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात हीच पंचाईत आहे. इथे सासरे अजून म्हणतात की सरदारांनी देश जोडायच्या आधी नळ जोडले.

दप्तरी_दाखल

@बडोद्याची_सून, पंचाईत नाही, दोन टोकं आहेत. मेहतांच्या रचनेत आयुक्त बळकट, पण सभागृह त्याहून जागं असायला हवं. मेहता स्वतः बजेट असं वाचून यायचे की आयुक्त तयारीनिशी आल्याशिवाय सुटत नसे. उलटतपासणीची सवय दुसरं काय! तशी माणसं बाकावर असली की कलम ६४ वाचून भीती वाटत नाही. नसली की उरतो फक्त आयुक्त.

मुंबईत १९९८ मध्ये मेयर-इन-कौन्सिलचा प्रयोग झाला, महापौराला खरे अधिकार देण्याचा. वर्षभरात गुंडाळला. आणि मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पुढे दीर्घकाळ स्थायी समितीही प्रशासक आणि सभागृहही प्रशासक. स्वतःच प्रस्ताव मांडायचा, स्वतःच मंजूर करायचा. मेहतांच्या आराखड्यातला वरचा अर्धा मजलाच काढून टाकल्यासारखं. तरी १८८८ चा कायदा कुठेही मोडला असं म्हणता येत नाही, हे मला सर्वांत खटकतं.

काळा_कोट_निवृत्त

मूळ प्रश्नाकडे. 'न्यायमूर्ती का झाले नाहीत' याचं एक सरळ कारण कुणी मांडलं नाही. न्यायासनावर बसलं की बोलणं बंद. तय्यबजींनी न्यायमूर्ती म्हणून १८९७ मध्ये टिळकांना जामीन दिला, केवढी मोठी गोष्ट, पण राजकारणातला त्यांचा आवाज तिथे मर्यादित झाला. तेलंग तर १८९३ मध्ये गेलेच, पुरते पंचेचाळीसही नव्हते. मेहतांना बोलायचं होतं. पालिकेत बोललेलं आठवड्याभरात रस्त्यावर दिसतं, कलकत्त्याच्या कौन्सिलात बोललेलं गॅझेटात राहतं.

फोर्टातला_फिरस्ता

पटलं, पण निम्मं. बोलायचंच असतं तर १९१३ मध्ये 'बॉम्बे क्रॉनिकल' काढलंच होतं की. तरी मरेपर्यंत पालिका सोडली नाही. मला अजूनही वाटतं की त्यांना तिथलं कामच आवडायचं. पाण्याचा दर, पोलिसांचा खर्च सरकारने उचलावा की शहराने, हे असले रुक्ष विषय. कुणाला तरी ते आवडावे लागतात.

घाटावरची

आवडत असतील. मग पुढचा धागा जोतीरावांच्या पालिकेतल्या सात वर्षांवर काढा, तिथे पाणी कुणाच्या पेठेत जात होतं यावर बोलू. मी आणि पुणेरी_पाटी पहिल्यांदाच एका बाजूला असू.

पुणेरी_पाटी

अटी आधी लेखी द्या.